सांगकाम्याचं फडकं

माणसाला आयुष्यात अनेक अपमान गिळावे लागतात. त्यातले बरेचसे आपण चहाबरोबर गिळतो, म्हणून ते सोपे जातात. परंतु चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत झालेला अपमान मला सत्तरी गाठल्यावर प्रथमच अनुभवायला मिळाला. आणि तोही अशा कुणाकडून, की ज्याला नाक नाही, डोळे नाहीत आणि ज्याच्या दारात जाऊन "काय समजता काय तुम्ही स्वतःला?" असं विचारायचीही सोय नाही. पुणेरी माणसाची यापेक्षा मोठी कोंडी ती कोणती?

पण त्याआधी आमच्या फळ्याबद्दल सांगितलं पाहिजे.

मी कसबा पेठेतला. मूळ पुणं म्हणजे कसबा. बाकीच्या पेठा ही मागाहून जोडलेली परिशिष्टं, असं आम्ही मनातल्या मनात मानतो आणि संधी मिळाली की मोठ्यानं म्हणतो. गावाचा गणपती आमचा, विसर्जनाच्या मिरवणुकीत पहिला मान त्याचा. तेव्हा थोडा ताठा असणारच. माझ्या लहानपणी आमच्या बोळाच्या तोंडाशी एक काळा फळा होता. वरच्या अर्ध्या भागात सुविचार, खालच्या भागात वार्ता. खडू दोरीनं खिळ्याला बांधलेला. याचा अर्थ, येणाऱ्याजाणाऱ्या कुणीही लिहावं. आणि कुणीही लिहायचा.

समोरच एक सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. त्या दुकानाच्या मालकांना कुणीही न नेमता त्यांनी स्वतःला फळ्याचे राखणदार नेमलं होतं. पंक्चर शोधायच्या घमेल्यात एक फडकं कायम भिजत पडलेलं असे. फळ्यावर कुणी वात्रटपणा केला की सायकलवाले उठत, फडकं पिळत आणि एका हातानं साफ करून टाकत. 'सुविचार'चा 'कुविचार' करणं हा आम्हा पोरांचा आवडता उद्योग. तो दिवसातून दोनदा पुसला जाई. पण एकदा 'पाणी जपून वापरा' या वार्तेखाली कुणीतरी लिहिलं, 'आलं तर.' सायकलवाले फडकं घेऊन आले, वाचलं, थोडा वेळ उभे राहिले आणि "खरं आहे ते," असं म्हणून परत गेले. ते दोन शब्द फळ्यावर आठवडाभर होते.

एकदा मीही पुसला गेलो. वार्तेत 'पाणि' ऱ्हस्व लिहिलं होतं. मी वेलांटी दीर्घ केली आणि इयत्ता पाचवीच्या अधिकारात खाली शेरा मारला, 'लिहिणाऱ्यास शाळेत घाला.' सायकलवाल्यांनी सगळंच पुसलं आणि माझी मानगूट धरून विचारलं, "कुणाचा रे तू?" मी वडिलांचं नाव सांगितलं. "वेलांटी बरोबर आहे तुझी. पण लिहिणारे मास्तर आहेत. हा घे खडू. शब्द नीट लिही. बाकीचं घरी जाऊन लिही." मी रडत रडत 'पाणी' लिहिलं. अक्षर वाकडं आलं, वेलांटी दीर्घ आली.

आता अपमानाकडे येतो. मधे साठ वर्षं गेली, पण माझ्यात फारसा फरक पडला नव्हता, हे लवकरच दिसेल.

माझा भाचा संगणकात काम करतो. म्हणजे नक्की काय करतो ते मला माहीत नाही, पण दिवाळीला येतो तेव्हा माझा फोन दुरुस्त करून जातो. यंदा त्यानं मला एक ज्ञानकोश दाखवला. कुणीही वाचावा, कुणीही लिहावा, असा. कोणता ते सांगत नाही. पेठेत राहून वैर फार लांबच्यांशी घेऊ नये. त्यात आमच्या तांबट आळीबद्दल मजकूर होता आणि त्यात लिहिलं होतं की, मठारकाम म्हणजे तांब्याच्या भांड्यावर कोरलेली नक्षी.

माझा बालमित्र तांबट आहे. त्याच्या घराच्या भिंतीपलीकडे मी शाळेचा अभ्यास केला. मठारकामात कोरत नाहीत, ठोकतात. घडवलेल्या भांड्यावर हातोडीचे सारखे, शेजारी शेजारी ठोके देतात. त्यानं पत्रा टणक होतो, आणि प्रत्येक ठोक्याचा पैलू उजेड पकडतो म्हणून भांडं चमकतं. हे मला माहीत आहे, कारण त्या ठोक्यांच्या तालावर मी सतराचा पाढा पाठ केला आणि त्याच ठोक्यांमुळे अठराचा विसरलो.

"मग दुरुस्त करा ना, मामा!" भाचा म्हणाला. त्यानं 'संपादन' उघडून दिलं आणि मी टंकलं: 'साफ चूक!!! मठारकाम म्हणजे कोरणे नव्हे, ठोकणे!! हे ज्याने लिहिले त्याने एकदा आळीत येऊन कानात बोळे न घालता उभे राहावे!' बटण दाबलं. सौ.नी चहा आणला. पहिला घोट घेतला. भाचा म्हणाला, "गेलं."

"काय गेलं?"

"तुमचं. पुसलं गेलं."

खाली एक निरोप होता: आपला बदल अनुपयुक्त वाटल्याने उलटवण्यात आला आहे. मी म्हटलं, "वाटल्याने म्हणजे? कुणाला वाटल्याने?"

"यंत्राला, मामा. माणूस नाहीये तिथे."

सौ. म्हणाल्या, "त्याला दोन सेकंदांत कळलं. मला चाळीस वर्षं लागली."

त्या रात्री मी ठरवलं की या पुसणाऱ्याची रीतसर समीक्षा करायची. तो माझी करतो, मग मी त्याची का करू नये? मराठी समीक्षकांविषयी तक्रार अशी, की ते न वाचता लिहितात. हा समीक्षक त्याच्या बरोबर उलटा. ओळ न् ओळ वाचतो आणि काही न लिहिता पुसतो. तेव्हा भाच्याला समोर बसवून मी चार संध्याकाळी अभ्यास केला.

प्रथम गुण सांगतो. समीक्षेचा तो शिष्टाचार आहे. पूर्वी ज्ञानकोश म्हणजे डॉ. केतकरांचा. तेवीस खंड, उचलताना छाती पुढे आणि ठेवताना कंबर मागे जायची. नंतर वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली विश्वकोश सुरू झाला आणि त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. अशा ग्रंथांत तुम्हाला चूक सापडली, तर पत्र लिहायचं आणि शुद्धिपत्राची वाट पाहायची. २००१ च्या जानेवारीत विकिपीडिया निघाला आणि त्यानं फळ्याचा खडू जगाच्या हातात दिला. मराठी विकिपीडिया २००३ च्या १ मेला, महाराष्ट्रदिनी सुरू झाला. जगाच्या हातात खडू दिला की काय होतं, हे आमच्या बोळातल्या कुणीही फुकट सांगितलं असतं. एक जण लेख लिहितो, दुसरा चुका काढतो आणि तिसरा 'सुविचार'चा 'कुविचार' करतो. फरक इतकाच, की तिथे हा तिसरा मनुष्य रात्री झोपत नाही. कारण त्याची रात्र ती दुसऱ्या कुणाची सकाळ. एवढ्या फळ्यांना सायकलवाले कुठून आणायचे? म्हणून यंत्र.

अशा यंत्राला मराठी विकिपीडियाच्या मंडळींनी नाव दिलंय 'सांगकाम्या'. या नावासाठी मी त्यांना शंभर अपमान माफ करायला तयार आहे. तिथे गप्पांच्या जागेला 'चावडी' म्हणतात, हात बसवायच्या जागेला 'धूळपाटी' म्हणतात. कुणीतरी घरची भाषा घेऊन तिथे राहायला गेलं आहे, हे कळतं. आता सांगकाम्या म्हणजे कोण? "दूध उतू जातंय का बघ रे," असं सांगितलं तर उतू जाणारं दूध शेवटच्या थेंबापर्यंत बघत उभा राहतो तो.

इंग्रजी विकिपीडियावर २००७ साली आलेला क्लूबॉट हा या अर्थानं खरा सांगकाम्या होता. अमुक शिवी दिसली की पुस, अर्धा लेख उडालेला दिसला की परत आण, अशी यादी त्याला दिलेली. २०१० साली त्याच्या जागी त्याचा धाकटा भाऊ आला, क्लूबॉट एनजी. हा सांगितलेलं करत नाही, दाखवलेलं करतो. माणसांनी आधी हजारो बदल वाचून 'हा बरा', 'हा वात्रट' अशा खुणा करून ठेवल्या. त्या पाहून तो स्वतःच शिकला. कुठले शब्द वात्रटांच्या तोंडी जास्त येतात, उद्गारचिन्हांची रांग कोण लावतो, नाव न नोंदवता कोण लिहितो, अशा बारीकसारीक गोष्टींची बेरीज करून तो प्रत्येक बदलाला गुण देतो. गुण ठरलेल्या रेषेच्या वर गेले की फडकं.

ही रेषा कुठे ओढायची, याचा त्याच्या कर्त्यांनी केलेला विचार वाचून मी, खरं सांगतो, वरमलो. रेषा अशी ठेवायची की हजार चांगल्या बदलांत फार तर एक चुकून पुसला जावा. तसं केलं की एकूण वात्रटपणापैकी सुमारे ४० टक्के हाती लागतो. आधी रेषा थोडी सैल होती. हजारात अडीच निरपराध सापडायचे, पण वात्रटही ५५ टक्के पकडले जायचे. त्यांनी मुद्दाम वात्रट सोडले आणि निरपराध वाचवले. हे आकडे त्यांनी स्वतःच जाहीर करून टाकले आहेत. शिवाय, चूक झाली असं वाटत असेल तर इथे कळवा, माणूस पाहील, अशी सोयही ठेवली आहे. आमच्या सोसायटीच्या कमिटीनं पार्किंगच्या बाबतीत इतका विवेक दाखवला असता, तर मी दरवर्षी निवडणुकीला उभा राहिलो नसतो. 'हजारात एक' हे माझ्याविषयी लहानपणी आजी म्हणायची. ते असं खरं होईल याची तिला कल्पना नसावी.

एवढं झाल्यावर आता दोष.

पहिला दोष असा, की हा समीक्षक मजकुराची वर्तणूक बघतो, मजकुराचा खरेखोटेपणा त्याला कळत नाही. माझं वाक्य खरं होतं पण आरडाओरडा करत आलं, म्हणून बाहेर. 'कोरलेली नक्षी' खोटी होती पण इस्त्रीचे कपडे घालून पूर्णविराम देऊन बसली होती, म्हणून आत. सभ्य खोटं किती काळ बसू शकतं, याचं उदाहरण याच विकिपीडियावर २००५ साली घडलं. जॉन सीगेनथेलर नावाच्या अमेरिकन पत्रकाराच्या चरित्रात कुणीतरी थट्टेनं लिहून ठेवलं, की केनेडी बंधूंच्या खुनांत यांचा हात असल्याचा एके काळी संशय होता. ना शिवी, ना उद्गारचिन्ह. ते चार महिने तसंच राहिलं. आता हा प्रकार असल्या शिकलेल्या यंत्रांच्या आधीचा, हे मान्य. पण तशा वाक्यात वागणुकीपुरतं वावगं काहीच नव्हतं. ते खोटं आहे हे कळायला सीगेनथेलर कोण होते ते माहीत असावं लागतं, आणि 'आलं तर' हे खरं आहे हे कळायला घरचा नळ माहीत असावा लागतो.

दुसरा दोष मोठा आहे, आणि तो यंत्राच्या चुकीतला नाही, त्याच्या चांगुलपणातला आहे. भाच्यानं सांगितलं, "मामा, त्या क्लूबॉटची एक रीत आहे. एकाच माणसाचं एकाच पानावरचं तो सहसा दिवसातून एकदाच पुसतो. पुन्हा लिहिलं तर सोडून देतो, पुढचं माणसांनी बघायचं."

"म्हणजे पुन्हा लिहिलं असतं तर राहिलं असतं?"

"तसल्या यंत्रापुरतं तरी."

मी विचार करत बसलो. दुसऱ्यांदा कोण लिहील? 'कुविचार'वाला. त्याला पुसलं जायची सवय असते. किंबहुना फडकं फिरल्याशिवाय त्याला मजाच येत नाही. आणि दुसऱ्यांदा कोण लिहिणार नाही? पहिल्यांदाच घाबरत घाबरत खडू हातात घेतलेला. तो म्हणेल, आपल्याला इथलं काही कळत नाही बुवा, आणि निघून जाईल. यंत्रानं दाखवलेली दया निर्ढावलेल्याच्या पदरात पडते आणि भिडस्ताला ती होती हेसुद्धा कळत नाही.

हे माझंच रडगाणं असेल म्हणून भाच्याला म्हटलं, कुणी याचा अभ्यास केलाय का ते बघ. त्यानं २०१३ सालचा एक निबंध काढला. लेखकाचं नाव वाचून मी ताठ बसलो, म्हटलं, चाफेकर! आपलाच माणूस. भाचा म्हणाला, "हाफेकर. एरन हाफेकर. अमेरिकन आहे." असो. या हाफेकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की इंग्रजी विकिपीडियावर नेमानं लिहिणाऱ्यांची संख्या २००७ पर्यंत चढत गेली आणि मग उतरू लागली. खोडसाळपणा रोखण्यासाठी केलेले नियम आणि साधनं चांगल्या हेतूनं आलेल्या नवख्यांनाही मोठ्या प्रमाणात परतवू लागली, आणि पहिलंच लेखन असं परतलं की चांगला नवखाही टिकत नाही, हे त्यांचं एक कारण. पुढे याच हाफेकरांनी पुढाकार घेतला आणि २०१५ साली ओरेस नावाचं यंत्र विकिमीडियानं आणलं. ते बदलाची हानी आणि लिहिणाऱ्याचा हेतू यांना वेगवेगळे गुण देत असे. म्हणजे 'चुकलाय, पण पोरगा वाईट नाही' असं म्हणायची सोय झाली. सायकलवाल्यांना हे पंक्चर काढता काढता समजत होतं, पण त्यांनी निबंध लिहिला नाही.

आम्हा कसबेकरांना पुसून टाकण्याचा अनुभव जुना आहे. १६३० च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवानं पुणं उद्ध्वस्त केलं आणि त्यावर गाढवांचा नांगर फिरवला. पुढे जिजाबाई आणि बाल शिवाजी इथे आले, तेव्हा सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवून तो अपशकुन उलटवला, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आजच्या भाषेत पहिला तो उत्पात आणि दुसरं ते पूर्वपदावर आणणं. पण नांगर उलटा फिरवल्यानं जमीन तेवढी मोकळी झाली; गाव त्यानं वसलं नाही. त्यासाठी पळालेल्या माणसांना कौल देऊन, या, राहा, असं म्हणून परत बोलवावं लागलं. आमचे सांगकामे नांगर झकास चालवतात. कौल कुणी द्यायचा?

हा प्रश्न आता फक्त इंग्रजीवाल्यांचा नाही. २०२४ साली विकिमीडिया फाउंडेशननं ऑटोमॉडरेटर नावाचं पुसणारं यंत्र काढलं. ते वेगवेगळ्या भाषांना वापरता यावं असंच बनवलेलं आहे आणि प्रथम तुर्की विकिपीडियानं ते घेतलं. किती कडक ठेवायचं ते ज्या त्या भाषेच्या लोकांनी ठरवायचं. म्हणजे उद्या मराठी चावडीवर हा विषय येईल. तेव्हा माझं एवढंच म्हणणं आहे, की रेषा ठरवताना निरोपाचीही भाषा ठरवा. 'उलटवण्यात आले आहे' असं लिहू नका. ते वाचलं की कचेरीच्या खिडकीबाहेर उभं असल्यासारखं वाटतं. 'वेलांटी बरोबर असेल तुमची, पण शेरा काढा, हा घ्या खडू,' असं लिहा. इंग्रजीकडे हजारात एक गेला तर नऊशे नव्व्याण्णव उरतात. मठारकाम जाणणारे आणि लिहूही शकणारे मराठी किती? त्यातला एक गेला तर खाली काय उरलं, ते आळीत येऊन मोजावं लागेल.

मी दुसऱ्यांदा लिहिलं. वाचनालयात जाऊन तीन दुपारी घालवल्या, एका ग्रंथात मठारकामाचा उल्लेख सापडला, तो संदर्भ म्हणून दिला. उद्गारचिन्हं काढली. बोळे काढले. 'मठारकाम म्हणजे घडवलेल्या भांड्यावर हातोडीचे सारखे ठोके देऊन त्याला बळकटी व चकाकी आणणे.' बटण दाबलं. चहाचा कप अख्खा संपला, तरी वाक्य जागेवर होतं. दुसऱ्या दिवशीही होतं. 'शाबास' असं मात्र यंत्र म्हणालं नाही. सायकलवाले 'पाणी' वाचून म्हणाले होते, "अक्षर सुधार."

छाती काढून मी ते वाक्य तांबट मित्राला दाखवायला घेऊन गेलो. त्यानं चष्मा लावून वाचलं. "बरोबर आहे," तो म्हणाला. "पण ठोक्याच्या आवाजावरून पत्रा कुठे पातळ पडलाय ते कळतं, ते नाही लिहिलंस?"

मी म्हटलं, "त्याला संदर्भ नाही."

"मी आहे की."

"तू छापलेला नाहीस."

तो हसला. हातातलं भांडं फिरवून त्यानं दोन ठोके दिले, एक इथे, एक तिथे. "ऐक," म्हणाला. मला दोन्ही सारखेच ऐकू आले. "हे माझ्या वडिलांनी मला असंच ऐकवलं. माझा मुलगा नोकरीला आहे, त्याला ऐकवायला वेळ नाही. तू लिहितोस ना कुठे कुठे? मग छापून टाक."

म्हणून हे इथे छापतो आहे: ठोक्याच्या आवाजावरून पत्रा कुठे पातळ पडला आहे ते तांबटाला कळतं. उद्गारचिन्ह दिलेलं नाही.